लोकर, लेकरे आणि पुस्तकांचे गाव

विणकाम, वाचन आणि लहान मुलांसह सहल या तिन्ही गोष्टींची मनःशांतीचे उपाय म्हणून स्वतंत्रपणे शिफारस केली जाते. मात्र एकाच कुटुंबाने त्या एकाच दिवशी आणि एकाच मोटारीत पार पाडायचे ठरवले, तर त्या शांतीचे पुढे काय होते, याच्या अभ्यासासाठी पुणे ते भिलार हा रस्ता फार सोयीचा आहे. भिलार हे सातारा जिल्ह्यात पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या दरम्यान वसलेले, स्ट्रॉबेरी पिकवणारे गाव असून, ४ मे २०१७ पासून ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथे थंडी असल्याने लोकरीला, पुस्तके असल्याने वाचनाला आणि स्ट्रॉबेरी असल्याने मुलांना निमित्त मिळते, असा हिशेब निघण्यापूर्वी घरी मांडलेला असतो.

नमुन्यादाखल हे कुटुंब पाच जणांचे धरावे. मोटार चालवणारी आई; तिच्या शेजारी, रस्ता सांगण्याच्या अटीवर बसून प्रत्यक्षात कादंबरी उघडलेले वडील; मागे एकेका खिडकीपाशी सात वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा; आणि या दोघांमध्ये युद्धबंदी टिकावी म्हणून मधोमध बसवलेली, विणकामाची पिशवी मांडीवर घेतलेली आजी. पिशवीत धाकट्याचा अर्धवट झालेला स्वेटर असतो. तो गेल्या हिवाळ्यात सुरू झालेला असून, वाढत्या अंगाचा म्हणून मापापेक्षा दोन इंच मोठा धरलेला असतो. परंतु अंग वाढण्याचा वेग विणण्याच्या वेगाहून अधिक असल्यामुळे पाठ पूर्ण होण्याआधीच ते दोन इंच संपतात आणि सगळे उसवून पुन्हा टाके घालावे लागतात.

विणकामाचे मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. ते आलटून पालटून घेतले की ताणली जाणारी पट्टी तयार होते, तिला बॉर्डर म्हणतात. ती बारीक सुयांवर आणि पुढचे अंग त्याहून जाड सुयांवर विणण्याची पद्धत आहे. या कलेतील खरे संकट म्हणजे टाका गळणे, कारण सुईवरून निसटलेला एक टाका खालच्याला, तो त्याच्याही खालच्याला सोडवत जातो आणि विणीत उभी शिडी पडते. खंबाटकी घाटाच्या वळणांवर एका खिडकीपासून “आजी, मला कसंतरी होतंय” अशी सूचना येते आणि त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीपासून लोकरीचा गुंडा पुढच्या आसनाखाली रवाना होतो, तेव्हाही आजी “एवढी सुई संपू दे” असेच म्हणते. सुई म्हणजे येथे एका सुईवरचे सर्व टाके, अर्थात विणीची एक ओळ. ती संपवून प्लास्टिकची पिशवी नेमक्या क्षणी उघडण्याचे कौशल्य कोणत्याही विणकामाच्या पुस्तकात दिलेले नसते. पुढे बसलेले वडील त्याच वेळी “एवढे पान संपू दे” म्हणतात. दोन्ही विनंत्यांची घडण सारखी असली तरी फळ निराळे असते, कारण टाके सुईवर होते तसे थांबतात, कादंबरीतली माणसे मात्र थांबत नाहीत, आणि मुलीचा फ्रॉक बदलून होईपर्यंत नायकाची मावशी कोण आणि सासू कोण, हे वाचकाच्या डोक्यातून पार निघून गेलेले असते.

सुरूर फाट्याला वळल्यावर वाई लागते. कृष्णेच्या घाटावरील ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले असून, पुराचे पाणी दुभंगून जावे यासाठी त्याची मागची भिंत माशाच्या आकारासारखी निमुळती केलेली आहे. वडिलांनी हे स्थापत्य समजावून सांगितल्यावर मुलांकडून एकच शंका येते, ती म्हणजे गणपतीला पोहता येते का. याच गावात मराठी विश्वकोशाचे कार्यालय आहे आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. विश्वकोश म्हणजे सर्व विषयांची माहिती अकारविल्हे, अर्थात वर्णानुक्रमाने देणारा ग्रंथ. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात मुले जे प्रश्न विचारतात त्यांची व्याप्ती विश्वकोशाएवढीच असते, फक्त अकारविल्हे क्रम पाळलेला नसतो: माकडांना शाळा का नसते, घाटाला वळणे कोणी लावली, टेबललँडचा डोंगर वरून कोणी कापला. शेवटच्या प्रश्नावर वडील जांभा खडकाच्या पठाराची उत्पत्ती सांगू लागतात आणि त्याचा उपयोग होऊन आजीला डुलकी लागते.

भिलारची कल्पना वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून सुचलेली आहे. मात्र तेथे प्रामुख्याने पुस्तकांची दुकाने आहेत, तर भिलारमध्ये ग्रामस्थांनी आपल्या घरातील जागा वाचकांसाठी मोकळी करून दिली. राज्य मराठी विकास संस्थेच्या या प्रकल्पाची सुरुवात २५ ठिकाणी, सुमारे १५,००० पुस्तकांनी झाली. कादंबरी एका घरात, कविता दुसऱ्या, चरित्रे तिसऱ्या, अशी विषयवार मांडणी असून, कोणीही यावे आणि विनामूल्य वाचत बसावे, अशी व्यवस्था आहे. या व्यवस्थेत ‘बसावे’ हा भाग लहान मुलांना मान्य नसतो. त्यामुळे वडील कादंबरीच्या घरात प्रस्तावना वाचतात तोच धाकट्याला शू लागते, चरित्रांच्या घरात नायकाचा जन्म होतो तोच त्याला भूक लागते, आणि इतिहासाच्या घरात सैन्य किल्ल्याखाली पोहोचते तोच थोरलीला अंगणात मांजर दिसते. दुपारपर्यंत वडिलांनी मराठी साहित्याच्या बहुतेक सर्व प्रकारांचे पहिले पान वाचलेले असते.

तिढा सुटतो तो बालसाहित्याच्या घरी. थोरली एक पुस्तक ओढून आणते आणि “बाबा, मोठ्याने वाच ना” म्हणते. प्रकट वाचन, म्हणजे इतरांना ऐकू जाईल असे वाचन, सुरू होताच धाकटा गुंडा मांडीत घेऊन बसतो, आई भिंतीला टेकते आणि आजीच्या सुया चालू लागतात. यात नवे काही नाही. एकाने पोथी वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकता ऐकता वाती वळायच्या, ही रीत मराठी घरांत जुनीच आहे. विणकामाला हात लागतात, मूकवाचनाला डोळे लागतात आणि मुलांना या दोन्हींवर पूर्ण हक्क हवा असतो; प्रकट वाचनात मात्र श्रोत्यांचे फक्त कान गुंततात. त्या अर्ध्या तासात पाठीचे चार इंच होतात आणि निघायची वेळ झाल्यावर “एवढे पान संपू दे” हे वाक्य प्रथमच मुलांच्या तोंडून ऐकू येते. पुढे स्ट्रॉबेरीचे ताट येते, धाकट्याचे हात आधी ताटात आणि मग गुंड्यावर जातात आणि शांततापर्व समाप्त होते.

म्हणून भिलारला जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी कादंबरी घरी ठेवावी, मोठ्याने वाचता येईल असे पुस्तक तेथेच निवडावे, नक्षीच्या फंदात न पडता साधी वीण घ्यावी, स्वेटर दोनऐवजी चार इंच मोठा धरावा, आणि लोकर निवडताना घरातल्या कोणाचीही आवड विचारात न घेता ती स्ट्रॉबेरीच्या रंगाचीच घ्यावी.