परड्यातली टिकी हट : नवशिक्यांसाठी

हॉलिवुडमध्ये १९३०च्या दशकात डॉन द बीचकोंबर नावाच्या गृहस्थानं बांबू-झावळ्यांच्या थाटात रमचा गुत्ता काढला. तिथून ही टिकी हट अमेरिकेच्या परसदारी पोचली. आता पाचगणीच्या रिसॉर्टात दोन रात्री काढून आलेल्या माणसाला ती आपल्या परड्यात हवी असते. हरकत नाही. रम मळीची, मळी उसाची आणि छपराला पाचटही उसाचंच. सातारा-सांगलीच्या माणसाला यात परकं काही नाही. तर, खोप घालायला घेऊ.

आधी जागा. परडं आपलं आहे हे तुम्हाला माहीत असतं, चुलत्यांना नसतं. गावठाणात सातबारा नाही, म्हणून ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढा आणि तो खिशात घालूनच पहिली पहार मारा. भिंतीवरून जे डोकावतील त्यांच्याशी वाद घालू नका, चहा पाजा.

छपराचा उतार तालुक्यावर ठरतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जत-आटपाडीला पाचशेच्या आसपास. पश्चिमेला ४५ अंशांखाली येऊ नका. जतकडच्या पिढ्या मातीच्या धाब्याखाली झोपल्या. तिथं उतार म्हणजे निव्वळ हौस.

मेढींना बाभळीची दुबेळकी घ्या. दोन हात खड्डा, बुडाला डांबर. नाहीतर वाळवी तुमच्याआधी वास्तुशांत उरकते. दुबेळक्यांत आढं, आढ्यावरून वासे, वाशांवर कळकाच्या कामट्या. कळक अवसेला तोडावा म्हणतात. अवस चुकली तर चालेल, पण कोवळा कळक तोडू नका. त्याला भुंगा लागतो आणि रोज तुमच्या चहात पीठ पडतं. बांधायला केकताडाचा वाख उत्तम. भिंती नकोतच, सगळ्यांना आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे.

आता खरं काम, शाकारणी. पाचट फुकट मिळतं. एकरी तीन-चार टन निघतं आणि पुष्कळजण ते फडातच पेटवून देतात, तेव्हा काडेपेटीच्या आधी पोचा. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. पाल्याची धार मनगट कापते आणि कूस अंगात गेली की दोन दिवस दुसरा उद्योग सुचत नाही. पाचटाच्या पेंढ्या बांधा, पानांची टोकं खाली. सुरुवात वळचणीपासून, मग वर आढ्याकडं, आणि वरच्या थरानं खालच्या थराची बांधणी झाकली पाहिजे. नवशिका हमखास आढ्यापासून सुरू करतो, कारण फोटोत तेच दिसतं. पहिल्या वळवात पाणी थेट थराखाली शिरतं आणि पाव्हण्यांच्या पेल्यात उतरतं. जाडी वीतभर हवी. आत उभं राहून वर बघा. आभाळाचा एक ठिपका दिसला तरी तिथं आणखी पेंढी घाला.

जमत नसेल तर गुरू जवळच आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत सुरू झालं की कृष्णाकाठच्या कारखान्यांभोवती, बीडपासून जतपर्यंतच्या ऊसतोडणीवाल्यांच्या कोप्या उठतात. बांबू नि चटया कारखान्याच्या, पाचट फडातलं. नवरा-बायको मिळून दिवसभरात उभी करतात आणि हंगाम संपेपर्यंत तिच्यात लेकरांसकट राहतात. तुम्ही एवढ्या वेळात कामट्यांचा रंग ठरवत असता. बघायला जरूर जा, पण मोबाइल खिशात ठेवा. तो कुणाचा तरी संसार आहे, आणि पहाटे अंधारात त्यांना फडात जायचं असतं. सुट्टीच्या दिवशी कुणी तुमच्याकडं हात लावायला आलं, तर मजुरीत घासाघीस करू नका.

खोपीत चूल, बार्बेक्यू, उदबत्ती, उघड्या जोडाची वायर यांतलं काही नको. पाचट पेटायला वेळ लागत नाही आणि विझवायला तुमच्याकडं तेवढं पाणी नसतं. छपरात उंदीर येतील, उंदरांमागं धामण येईल. बत्तीस शिराळ्याच्या लोकांना हे सांगायला नकोच, बाकीच्यांनी बॅटरी जवळ ठेवावी.

पाचटाचं छप्पर एक पावसाळा नीट काढतं, दुसऱ्याला गळायला लागतं. दर मे महिन्यात शाकारायची तयारी नसेल, तर सरळ पत्रा टाका.