आमच्या वार्ताहराकडून

सांगलीच्या विश्रामबागेत रोज काही ना काही ‘उत्साहात संपन्न’ होत असतं. विलिंग्डन कॉलेज 1919 पासूनचं, वालचंद अभियांत्रिकी 1947 पासूनचं. पुढे मिरजेत 1962 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. एवढी कॉलेजं एका पट्ट्यात म्हटल्यावर स्नेहसंमेलनं, कार्यशाळा, श्रमसंस्कार शिबिरांचे समारोप आलेच. आणि ते आले की वार्ताहर आला.

तो उशिरा येतो आणि लवकर जातो, तरी बातमी मात्र पूर्ण असते. कारण ‘दीपप्रज्वलनाने सुरुवात झाली’पासून ‘विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते’पर्यंतचा मजकूर त्याच्या मोबाइलमध्ये कायमचा वस्तीला आहे. फक्त नावं बदलायची. भाषण ऐकायचीही गरज नाही. पाहुणे उद्योजक असले तर तरुणांनी नोकऱ्या मागू नयेत, द्याव्यात. पोलीस अधिकारी असले तर मोबाइलचा वापर जपून करावा. साहित्यिक असले तर वाचनसंस्कृती टिकली पाहिजे. अजून एकाही पाहुण्याने त्याला खोटं पाडलेलं नाही.

त्याचा सगळा जीव नावांत. आल्या आल्या तो आयोजकाकडे चिठ्ठी मागतो. ‘प्रा. डॉ.’मधला ‘डॉ.’ गळाला तर सकाळी सातला फोन येतो. चेअरमनसाहेबांचं नाव प्राचार्यांच्या मागे पडलं तर फोन थेट दैनिकाच्या जाहिरात विभागातून येतो. फोटोची कथा आणखी नाजूक. व्यासपीठावर अकरा जण आणि अंकात जागा दोन कॉलम. ‘डावीकडून’ अशी थाटात सुरू झालेली यादी पाचव्या माणसापाशी ‘आदी’वर येऊन आटोपते. ‘आदी’त गेलेला माणूस पुढे वर्षभर त्याला ओळख दाखवत नाही.

बातमीचं मानधन पेट्रोललाही पुरत नाही. घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. त्यामुळे 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि दैनिकाचा वर्धापनदिन या तीन सणांच्या आधी त्याच्या लेखणीला भलताच समजूतदारपणा येतो. सकाळी ज्या क्लासच्या फीवाढीवर तो तावातावाने लिहिणार असतो, दुपारी त्याच क्लासच्या केबिनमध्ये ‘सर, यंदा पाव पान धरू ना?’ असं विचारत बसलेला असतो. फीवाढ मग जागेअभावी राहते. याला कुणी लाचारी म्हणेल. मी म्हणत नाही. पाव पानाचे पैसे आले नाहीत तर फी त्याच्याही पोरांची भरायची राहते.

वर्षातून एका कार्यक्रमाला मात्र तो वेळेवर हजर असतो, तोही इस्त्रीच्या शर्टात. 5 नोव्हेंबर, रंगभूमी दिन, विष्णुदास भावे गौरव पदक. भाव्यांनी 1843 साली याच सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं, हे वाक्य तो दर वर्षी पहिल्या परिच्छेदात घालतो आणि उपसंपादक दर वर्षी ते कापतो. दोघांपैकी कुणीही अजून थकलेलं नाही.

त्याची चेष्टा करायची ती पावसाळ्याआधी. कोयनेतून विसर्ग वाढला, कृष्णा चढू लागली की दिवसरात्र तो आयर्विन पुलाच्या आसपास. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं होतं, ते इथे कुणी विसरलेलं नाही. म्हणून गावभागातून, गणपती पेठेतून, हॉस्टेलवरच्या पोरांच्या आईबापांकडून फोन येतो तो एकच : “किती झालं?”

“साडेएकोणचाळीस. चढतंय.”

ना प्रतिपादन, ना मान्यवर, ना आदी. त्या आकड्यावर दुकानदार माल वर चढवतात आणि माणसं म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडे हलवतात. एरवी साध्या वृक्षारोपणाला ‘भव्यदिव्य’ लावणारा हा गृहस्थ त्या बातमीत एकही विशेषण घालत नाही.

तेव्हा तुमच्याकडे काही कार्यक्रम असेल तर त्याला आदल्या दिवशी सांगा. चिठ्ठीवर नावं सुवाच्य लिहा, डॉक्टरेट कुणाकुणाची आहे ते न लाजता कळवा, चहा पाहुण्यांच्या बरोबरीने द्या. आणि पाहुणे आयत्या वेळी आलेच नाहीत, तर संध्याकाळी सहाच्या आत फोन करा. नाहीतर उद्याच्या अंकात त्यांचं मोलाचं मार्गदर्शन झालेलं असेल.