जुना लेक, नवा लेक

शेजारच्या काकू तीन महिने मुलाकडे जर्मनीला होत्या, त्या परवा आल्या. काल सकाळी कढीपत्ता तोडायच्या निमित्ताने मी कुंपणाशी गेले, तर काकू अलीकडे तोंड करून उभ्याच.

"जर्मनी राहू दे गं, ते सगळेच बघतात. आम्ही आठ दिवस अल्बेनियाला जाऊन आलो."

"हे कुठं आलं?"

"ग्रीसच्या डोक्यावर. समुद्रापलीकडे इटली. मी फोनवर सांगितलं तर तुझे काका म्हणतात, तिथे गुंड असतात ना? सिनेमे बघून बघून यांना सगळ्या देशांची माहिती!"

"आणि व्हिसा?"

"माझा शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा, शिवाय वापरलेला. त्यावर सोडलं. पण अल्बेनिया शेंगेनमध्ये नाही हं. सिंगल एन्ट्री असती तर मुलाच्या घरी परतायची पंचाईत झाली असती. इथून थेट जायचं तर ऑनलाइन ई-व्हिसा. नियम बदलतात मात्र, तिकिटाआधी बघून घ्यायचं. मुंबईहून सरळ विमान नाही, इस्तंबूलला बदलावं लागतं. आणि उतरतो तो तिरानाचा विमानतळ कुणाच्या नावाचा असेल? मदर तेरेसांच्या!"

"आपल्या कलकत्त्याच्या?"

"त्याच. जन्म स्कोप्येचा, पण घर अल्बेनियन. आई आणि बहीण तिरानाला राहायच्या. तिथे तेव्हा एन्व्हर होजाचं राज्य, 1944 पासून 1985 ला तो मरेपर्यंत. 1967 मध्ये त्याने धर्मच बंद केला. मशिदींना कुलूप, चर्चना कुलूप. आईला बाहेर सोडेनात, लेकीला आत येऊ देईनात. आई 1972 मध्ये गेली. मदर तिथे पोचल्या 1989 ला, तेव्हा भेटायला थडगं. मी विमानतळावरच्या पाटीखाली दोन मिनिटं उभी राहिले बाई."

काकू क्षणभर गप्प झाल्या. हे फार क्वचित होतं.

"या होजाला सगळं जग आपल्यावर चाल करून येणार असं वाटायचं. शेतात, डोंगरात, समुद्रकाठी, जिथे बघशील तिथे सिमेंटचे बंकर. पालथी घमेली ठेवल्यासारखे दिसतात. दीड लाखाच्या वर बांधले म्हणे, आणि शत्रू काही आला नाही. तिरानाला त्यातल्याच मोठ्यांची आता संग्रहालयं केलीत."

"तुमच्या खाण्याचं काय झालं पण?"

"तेच सांगते. बेरातला आम्ही एका बाईंच्या घरी उतरलो होतो. किल्ल्यात घर गं, आणि किल्ल्यात अजून माणसं राहतात. खाली नदी, दोन्ही काठांना पांढरी घरं, नुसत्या खिडक्याच खिडक्या. आत जाताना चपला दारात काढायच्या, आपल्यासारख्याच. बाईंनी पुढ्यात काय आणलं, तर दह्याचा थर वर भाजलेला. मला वाटलं, चला, कढीतला काहीतरी प्रकार. सून म्हणाली, आई, थांबा! ताव्ह कोसी ते, खाली मेंढीचं मटण. मग काय, 'पा मिश' हे दोन शब्द पाठ केले. म्हणजे बिनमांसाचं. पालकाचा ब्युरेक मिळतो, पापुद्र्यांचा. फेर्गेसे म्हणून ढोबळ्या मिरच्या, टोमॅटो आणि चीजचं भाजीसारखं करतात, पण त्यातसुद्धा काही जण कलेजी घालतात, म्हणून विचारायचंच."

"मग उपाशी नाही राहिलात."

"उपाशी? अगं, तिथे मान हलवायची रीत उलटी! आडवी हलवली की हो, आणि वरखाली केली की नाही. तिरानातली तरुण मुलं आता दोन्ही करतात, त्यामुळे आणखीनच घोटाळा. मी आपली नको नको म्हणून मान हलवतेय आणि बाई वाटी भरतेय. राकी, म्हणजे तिथली दारू, तीसुद्धा ओतली माझ्यापुढे! मुलाने उचलली म्हणून सुटले. शेवटी मान ताठ ठेवून तोंडाने बोलायला लागले. हो म्हणजे पो, नाही म्हणजे यो, आभार म्हणजे फालेमिंदेरित."

"एवढं लांब नाव आभारांना?"

"वापरावं लागतं गं पदोपदी. पाहुणा आला की घर त्याचं. आणि बेसा म्हणून एक गोष्ट आहे, दिलेला शब्द. दिला की जीव गेला तरी मोडायचा नाही. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून पळून आलेल्या ज्यूंना लोकांनी घरात लपवलं. युरोपात बहुतेक ठिकाणी ज्यू कमी झाले, तिथे युद्धानंतर आधीपेक्षा जास्त होते. असल्या देशाला तुझे काका गुंड म्हणतात."

मग आवाज खाली आणून काकू म्हणाल्या, "फसवणूक नाही, पण पैशाचा एक घोळ आहे. चलनाचं नाव लेक. ढोबळमानाने रुपयाएवढा धर. 1965 मध्ये त्यांनी एक शून्य उडवलं, दहा जुन्यांचा एक नवा. पण लोकांच्या तोंडातून जुना लेक अजून जात नाही. अंजीरवाल्या आजीने दोन हजार सांगितले, मी पिशवी खाली ठेवून निघाले. तीच मागे धावत आली आणि माझ्या हातातली दोनशेची नोट दाखवून हसायला लागली. बाजारात, वडापात रोखच चालते."

"वडाप? तिथे?"

"फुर्गोन म्हणतात. पण वडापच! भरल्याशिवाय हलत नाही, कुठे उभी राहते ते गावातल्याला विचारायचं, हात केला की थांबते. आगगाडीच्या भरवशावर राहायचंच नाही. आणि घर अर्धवट बांधलेलं असलं की वर भावली टांगलेली! दोरदोलेत्स म्हणतात. कशाला म्हणून विचारलं, तर दृष्ट लागू नये म्हणून. आपल्या गल्लीत नव्या बंगल्यावर काळी भावली लटकतेय ना, तश्शीच. तुर्कांचा अंमल चार-पाच शतकं होता, त्यामुळे शब्दही ओळखीचे. दुकानाला द्युक्यान, बक्षिसाला बक्शिश."

"संध्याकाळी करमायचं का तुम्हाला?"

"न करमायला काय झालं? ऊन उतरलं की सगळं गाव नटूनथटून रस्त्यावर. त्याला जिरो म्हणतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, भेटेल त्याच्याशी थांबून बोलायचं, परत फिरायचं. कोण कोणाबरोबर चाललंय ते बघायचं. नाहीतर एका एवढ्याशा कॉफीवर दोन तास बसायचं, कोणी उठवत नाही. मला तर तिथलं घर घ्यावंसं वाटलं."

"मे महिन्यात आम्ही जाऊ का मग?" मी विचारलं.

"मे चालेल. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र नको, समुद्रकाठी पाय ठेवायला जागा नसते. पण माझं ऐकशील तर सप्टेंबरात जा. अंजिरं तेव्हाच असतात."