नस मनगटात, सुई कमरेत

भाईंदर पूर्वेला संध्याकाळी गाळे सुटले की छोट्या दवाखान्यांचे बाक भरतात. ताप-खोकल्याच्या जोडीला एक तक्रार तिथे हमखास ऐकू येते. 'डॉक्टर, रात्री हाताला मुंग्या येतात, झोपेतून उठून हात झटकावा लागतो.' पुढचं सगळं दोन मिनिटांत उरकतं. 'नस कमजोर झालीय, ताकद कमी पडतेय,' असं सांगितलं जातं, बी-जीवनसत्त्वांच्या लाल औषधाची कुपी फुटते आणि पेशंट कमरेवर सुई टोचून घेऊन बाहेर येतो. एक दिवसाआड यायचं, कोर्स पुरा करायचा. ज्या हातासाठी तो आला होता, तो हात कुणी उलटा करून पाहिलेलाही नसतो.

मला याची चीड आहे. या हाताचं दुखणं बरं होण्यासारखं असतं, आणि सुयांच्या नादात नेमकी बरं होण्याची वेळ निघून जाते.

दुखण्याचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला हाडांची एक खोबण असते आणि तिच्यावर जाड आडवा पट्टा ताणलेला असतो. हाच तो बोगदा. बोटं मिटवणारे नऊ कंडरे याच बोगद्यातून जातात आणि त्यांच्याबरोबर दाटीवाटीने एक नस जाते, मीडियन नर्व्ह. कंडऱ्यांची आवरणं सुजली की आतली जागा कमी पडते. हाड सरकत नाही, पट्टा सैल होत नाही. चेपली जाते ती नस. सकाळच्या विरार लोकलच्या दारात जो माणूस चेपला गेलाय, त्याला ग्लुकोजचं पाणी पाजून काय उपयोग? त्याला जागा हवी असते. या नसेचंही तेच. तिच्यावरचा दाब उतरवायला हवा, आणि दाब उतरवणारं जीवनसत्त्व अजून कुठल्या कुपीत आलेलं नाही.

जीवनसत्त्वं नसांना लागतात, हे मात्र शंभर टक्के खरं. त्यातही बी-12. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या 441 पुरुषांचं रक्त तपासलं होतं. त्यांचा अहवाल 2006 साली आला. सुमारे दोन तृतीयांश पुरुषांमध्ये बी-12 कमी निघालं. शाकाहार हे त्याचं मोठं कारण होतं. भाईंदर पश्चिमेला जैन, गुजराती, मारवाडी घरं किती आहेत हे इथल्या कुणालाही सांगायला नको. शिवाय मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे आपल्याकडे घरटी एक. त्या गोळीनेही बी-12 खाली येतं. म्हणून ज्याचं बी-12 खरोखर कमी आहे, त्याला ते इंजेक्शन द्यायलाच हवं. तिथे हयगय केली तर चालताना तोल जातो, स्मरणशक्ती ढासळते, रक्त कमी होतं.

पण त्या मुंग्या वेगळ्या असतात. बी-12 च्या कमतरतेत मुंग्या बहुधा पायांपासून, दोन्ही बाजूंना सारख्या सुरू होतात. मनगटातली नस दबली तर अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी मात्र शाबूत राहते. त्रास रात्री वाढतो, हात झटकला की उतरतो. लोकल ट्रेनमध्ये वरची कडी धरून उभं राहिलं की बोटं झोपतात. 'कोणतं बोट? करंगळीसुद्धा का?' एवढा एक प्रश्न विचारला तरी निम्मं निदान होतं. त्याला ना मशीन लागतं, ना फी वाढवावी लागते. बी-12 बद्दल शंका असेल तर रक्त तपासावं, आणि तेही पहिली सुई टोचण्याआधी. एकदा इंजेक्शन घेतलं की पुढचे काही महिने रक्तातला आकडा फुगलेला दिसतो आणि खरी कमतरता होती की नव्हती हे कळायचा मार्गच बंद होतो.

लोक म्हणतात, 'पण मला सुईने बरं वाटलं.' वाटलं असेल, मी त्यांना खोटं ठरवत नाही. हे दुखणं मुळातच कमीजास्त होत राहतं. काम हलकं झालं, बाळंतपण पार पडलं, थायरॉइडची गोळी सुरू झाली की ते आपोआपही ओसरतं, आणि श्रेय जातं सुईला. कधी त्याच सिरिंजमध्ये स्टिरॉइडही मिसळलेलं असतं. पेशंटला ते सांगितलेलं नसतं, आराम दोन दिवसांत पडतो, आणि पेशंट मधुमेही असेल तर त्याची साखर का चढली हे घरच्यांना उमगत नाही.

सगळ्यात घातक आहे तो शेवटचा आराम. नस वर्षभर चिरडली गेली की ती दुखणंही सोडून देते. रात्रीच्या मुंग्या कमी होतात, माणूस खूश होतो. आणि मग एके दिवशी ब्लाउजचं हुक लागत नाही, सुईत दोरा जात नाही, हातातला कप सुटून पडतो. अंगठ्याच्या मुळाशी मांसाचा जो उंचवटा असतो तो वाळून सपाट झालेला असतो. नवघर भागातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंचा हात मी पाहिलाय. उजव्या अंगठ्याखाली खळगा पडलेला, डाव्या हाताला उंचवटा जसाच्या तसा. सुयांचे दोन कोर्स झाले होते. कात्री धरताना अंगठा साथ देत नाही म्हणून कापड कापायचं काम त्यांनी मुलीकडे दिलं होतं. ते गेलेलं मांस ऑपरेशननंतरही पूर्ण भरून येईल याची खात्री नसते.

जीवनसत्त्वाचा हा नाद सुरू कुठून झाला? अमेरिकेत टेक्सासमधल्या माउंट प्लेझंट गावात जॉन एलिस नावाचे डॉक्टर होते. हात बधिर झालेल्या पेशंटना ते बी-6 द्यायचे. कार्ल फोकर्स हे मोठे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्या जोडीला आले. 1948 साली मर्क कंपनीत बी-12 चे लाल स्फटिक वेगळे काढणाऱ्या गटाचे हेच प्रमुख. 1970 च्या दशकात या दोघांनी मांडलं की कार्पल टनेलच्या मुळाशी बी-6 ची कमतरता आहे. माणसं प्रामाणिक होती आणि कल्पना तपासण्यासारखी होती. ती तपासली गेली. एका गटाला बी-6 आणि दुसऱ्याला नुसती बिनऔषधी गोळी देऊन पाहिलं, तेव्हा लक्षणांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. 2003 च्या कॉक्रेन आढाव्यातही, म्हणजे अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालातही, तेच आलं. विज्ञानाने प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, विषय संपायला हवा होता. आपल्याकडे तो कुपीत भरून अजून विकला जातोय.

उलट बी-6 चा अतिरेक स्वतःच नसा बिघडवतो. 1983 साली शॉमबर्ग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतले सात रुग्ण नोंदवले. रोज दोन ते सहा ग्रॅम बी-6 काही महिने घेऊन त्यांचे हातपाय बधिर झाले होते आणि चालणं डळमळलं होतं. आपल्या कुपीत तेवढा डोस नसतो, हे मान्य. पण कुपी, वर रोजची 'नसांची' गोळी, वर टॉनिक, आणि हे सगळं महिनोन्महिने, असा हिशेब कुणी मांडतच नाही. ऑस्ट्रेलियात 2022 पासून दिवसाला 10 मिलिग्रॅमच्या वर बी-6 पोटात जाईल अशा उत्पादनांवर मुंग्या आणि बधिरपणाचा इशारा छापावा लागतो. मुंग्यांवर म्हणून घेतलेल्या औषधाने मुंग्या आणल्या तर पेशंट काय करणार? आणखी एक सुई घेणार.

आणि सुई म्हणजे सुई. फेब्रुवारी 2018 मध्ये उत्तर प्रदेशातल्या उन्नाव जिल्ह्यात, बांगरमऊला, अनेक गावकऱ्यांना एचआयव्ही झाल्याचं उघड झालं आणि बोट दाखवलं गेलं ते एकच सिरिंज पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या भोंदू डॉक्टरकडे. गरज नसलेली प्रत्येक सुई हा गरज नसलेला धोका आहे.

आता हे हात कुणाचे आहेत ते बघा. स्टेनलेस स्टीलची भांडी हा भाईंदर पूर्वेचा जुना धंदा. पत्र्याचं सर्कल कापलं जातं, प्रेसमध्ये ओढून त्याला आकार येतो आणि मग भांडं पॉलिशला जातं. बफिंगचा कारागीर गरगर फिरणाऱ्या चाकावर डबा दोन्ही हातांनी दाबून धरतो. मनगटं वाकलेली, बोटं आवळलेली, चाकाची थरथर कोपरापर्यंत चढणारी, तोंडावर काळी धूळ. असे डबे दिवसभर. तुमच्या फडताळातल्या डब्याची चकाकी अशा मनगटांतून आलेली असते. तिकडे उत्तन-चौकला कोळणी बर्फातली मासळी निवडतात, कोयत्याने कापतात. थंडगार हात, एकच हालचाल, तासन्‌तास. आणि मीरा रोडच्या इमारतींमध्ये पोळ्यांच्या ऑर्डर घेणाऱ्या, पहाटेपासून लाटणं फिरवणाऱ्या बायका. हे दुखणं पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतं, आणि बाईचं दुखणं 'अशक्तपणा' म्हणून मोडीत काढायची आपल्याला सवय आहे.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2010 सालच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत कार्पल टनेल सिंड्रोम नाव घेऊन घातलाय. कारणंही दिलीत: दीर्घकाळ तेच तेच जोराचं काम, थरथर, मनगट टोकाला वाकवणं. जणू बफिंगच्या गाळ्यात उभं राहूनच लिहिलंय. आपल्या 1948 च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणं बंधनकारक असलेले 29 आजार होते. शिसं, पारा, सिलिकोसिस, सगळं होतं. दबलेली नस नव्हती. ज्या आजाराची नोंद नाही त्याची भरपाई मिळवणं अवघड, मालकावर जबाबदारी टाकणं अवघड. 'कामाने नस दबली' म्हटलं की प्रश्न गाळ्याच्या दारात जातो. 'तुझ्यात ताकद नाही' म्हटलं की तो कामगाराच्या अंगावर पडतो. ताकदीची सुई म्हणून अनेकांच्या सोयीची आहे.

खरा उपचार साधा आहे. सुरुवातीच्या टप्प्यावर मनगट सरळ ठेवणारा पट्टा, स्प्लिंट, रात्री झोपताना बांधायचा. झोपेत मनगट मुडपतं आणि दाब वाढतो, म्हणून रात्री. तो काही आठवडे नेमाने वापरावा लागतो, हे सांगणारं मात्र कुणीतरी हवं. थायरॉइड आणि साखर तपासायची. पट्ट्याने भागलं नाही तर मनगटात, नेमक्या जागी, स्टिरॉइडचं एक इंजेक्शन. हे इंजेक्शन खरं काम करतं, पण किती काळ? स्वीडनमध्ये 111 रुग्णांवर झालेल्या आणि 2013 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा आठवड्यांनी चांगला आराम दिसला, पण वर्षभरात जास्त डोसवाल्यांपैकीही जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना ऑपरेशन करावं लागलं. आणि ऑपरेशन म्हणजे तरी काय, तर तो आडवा पट्टा कापून नसेला मोकळं करायचं. तेवढाच भाग बधिर करून, बहुधा त्याच दिवशी घरी. टाके साधारण दोन आठवड्यांत निघतात. जड कामाला मात्र आणखी काही आठवडे थांबावं लागतं, आणि रोजंदारीवाला इथेच अडतो. म्हणून तो सुईकडे वळतो. सुईला सुट्टी लागत नाही.

तर ही सुट्टी त्याच्या हक्काची आहे हे त्याला कळू द्या. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात, महिना 21 हजारांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला ईएसआय, म्हणजे राज्य कामगार विमा, लागू होतं. नियमात बसणाऱ्याला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. भाईंदरच्या गाळ्यांमध्ये किती मालक माणसं हजेरीपटावर दाखवतात, हे कामगार संघटनांनी आणि ईएसआयच्या निरीक्षकांनी दारोदार फिरून तपासावं. महापालिकेने आपल्या आरोग्य केंद्रांत मनगटाचे पट्टे ठेवावेत. टेंभ्याच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात आठवड्यातून एक संध्याकाळ, गाळे सुटायच्या वेळेला, फक्त हातांची ओपीडी चालवावी. सकाळी अकराच्या ओपीडीला रोजंदारीवाला येऊ शकत नाही.

आणि तुम्ही, वाचणारे. आज रात्री दोन्ही तळहात शेजारी शेजारी ठेवून अंगठ्याखालचे उंचवटे बघा. घरातल्या बाईचे बघा, भांडी घासायला येणाऱ्या मावशींचे बघा. एक बाजू सपाट दिसली, चिमटीत जोर उरला नसेल, तर सुईचा कोर्स पुरा व्हायची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरकडे जा आणि हात तपासायला लावा.