तिन्हीतलं दोनच

लाउडस्पीकर घेण्याआधी हॉफमनचा नियम पचवावा: खोल बास, छोटी पेटी आणि कमी वॉटात मोठा आवाज, यांतलं दोनच पदरात पडतं. १९५४ साली एडगर व्हिल्चर यांनी बंद पेटीत कोंडलेल्या हवेचीच स्प्रिंग केली. छोट्या पेटीतून बास खाली उतरला, पण अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाला फेस आला. पॉल क्लिप्श यांचा कर्णेवाला स्पीकर दोन-चार वॉटांवर घर दणाणून सोडतो. त्या बदल्यात खोलीचा अख्खा कोपरा गिळतो. क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर गायिकेचा श्वाससुद्धा ऐकवतो, ढोल म्हटलं की मान टाकतो. आपल्या बाजारात मात्र नारळाएवढ्या डब्यात तिन्ही गोष्टी बिनबोभाट मावतात. खोक्यावर ठसठशीत ‘१००० वॉट पीएमपीओ’, आत सोबत दिलेला अ‍ॅडॉप्टर १० वॉटचा!