कोण कोणाला हरवतं?

मराठीत ‘काय’चं ‘काहीतरी’ आणि ‘कुठं’चं ‘कुठंतरी’ करायचं तर मागे शेपूट जोडावं लागतं. चिनी आणि कोरियन भाषांना हा खर्च परवडत नाही. त्यांचा ‘काय’च प्रश्न विचारतो आणि वेळ पडली की ‘काहीतरी’ म्हणूनही राबतो. पगार एक, खाती दोन! बरं, इंग्रजीसारखा तो वाक्याच्या तोंडाशी धावतही नाही. आपल्या ‘काय’सारखाच जागेवर बसून असतो, त्यामुळे आज साहेब कुठल्या खात्यात आहेत हे चेहऱ्यावरून कळत नाही.

सोलमध्ये कुणी ‘म्वॉ मॉगॉस्सॉ?’ म्हणालं, तर त्याचा अर्थ ‘काय खाल्लंस?’ असाही होतो आणि ‘काही खाल्लंस का?’ असाही. सगळी मदार सुरावर. आपल्या ‘काय जेवलास?’ आणि ‘काय, जेवलास?’मध्ये निदान स्वल्पविराम तरी आहे.

दक्षिणेकडच्या बुसान-देगूच्या लोकांनी मात्र ही भानगड मिटवली आहे. नुसतं हो-नाही हवं असेल तर ‘म्वॉ मुगॉन्ना?’ आणि पदार्थाचं नाव हवं असेल तर ‘म्वॉ मुगॉन्नो?’. शेवटी ‘ना’ की ‘नो’ एवढंच ऐकायचं. प्रश्नाच्या शेवटी असा भेद जुन्या, पंधराव्या शतकातल्या कोरियनमध्येही होता. राजधानीनं तो घालवला, बोलीनं जपला. आणि अशुद्ध कोण बोलतं म्हणाल, तर बुसानवाले!

चिनीत शेवटी ‘मा’ चिकटवला की ‘काय पिणार?’चं ‘काही पिणार का?’ होतं. इतपत ठीक. पण चिनी शब्दांना विभक्तीच नाही, आणि खरी मौज तिथं आहे. चीनमध्ये एक विनोद फार चालतो : आपल्या टेबल टेनिसच्या आणि पुरुषांच्या फुटबॉलच्या संघाला एकच वाक्य पुरतं, ‘शेय ये यिंग बू ल्याओ’. टेबल टेनिसबद्दल म्हटलं तर ‘यांना कोणीच हरवू शकत नाही’. फुटबॉलबद्दल म्हटलं तर ‘हे कोणालाच हरवू शकत नाहीत’. पुरावे दोन्हीकडे भक्कम. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये टेबल टेनिसची पाचही सुवर्णपदकं चीनची. फुटबॉलच्या विश्वचषकात पुरुष संघ पोचला तो एकदाच, 2002मध्ये : सामने तीन, केलेले गोल शून्य, खाल्लेले नऊ. तिन्ही सामने झाले कोरियात.

मराठीत हा विनोद होणे नाही. एक ‘ला’ आडवा येतो. विभक्तीनं आपलं केलेलं हे नुकसान कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात नोंदलेलं नाही.

कोरियन ‘ऑन्जे’, म्हणजे ‘कधी’, हा तर सर्वांत धूर्त. ‘ऑन्जे बाप हानबॉन मॉकचा,’ असं तिथली ओळखीची माणसं निरोप घेताना हमखास म्हणतात. (बाप म्हणजे भात, घाबरू नये.) ‘कधीतरी एकदा जेवू या,’ एवढाच त्याचा अर्थ. तुम्हाला कुणी असं म्हणालं तर हसून मान डोलवा. तारीख मात्र विचारू नका.