डरहॅमकर, सीझन तिकीटवाले

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम शहरात एक गृहस्थ मार्चअखेर घराबाहेर पडतात, ते सप्टेंबर सरल्यावरच घरच्यांच्या हाती लागतात. आपण त्यांना डरहॅमकर म्हणू. वय साठीपुढचं, डोक्यावर ‘डरहॅम बुल्स’ या बेसबॉल संघाची उन्हानं विटलेली टोपी, कानावर पेन्सिल, मांडीवर स्कोअरकार्ड. मायनर लीगची सगळ्यात वरची पायरी म्हणजे ट्रिपल-ए. तिथं बुल्स हंगामात 150 सामने खेळतात, निम्मे घरच्या मैदानावर. ते निम्मे डरहॅमकरांनी बसून बघायचे आणि उरलेले रेडिओवर ऐकायचे, अशी वाटणी आहे.

बाकीचे प्रेक्षक बेसबॉल बघायला येतच नाहीत, असं त्यांचं ठाम मत. कुणी आतषबाजीसाठी येतं, कुणी फुकटच्या बाहुलीसाठी, कुणी मैदानातल्या त्या लाकडी बैलासोबत फोटो काढायला. बैलाला चेंडू लागला तर फलंदाजाला स्टेक, खालच्या गवताला लागला तर सॅलड. हा बैल मुळात 1988च्या ‘बुल डरहॅम’ सिनेमासाठी उभा केला होता, हे डरहॅमकर शेजाऱ्याला सांगतात. शेजाऱ्यानं विचारलेलं नसतं.

पाहुण्या संघांविषयी त्यांना फारसा आदर नाही. जॅक्सनव्हिलचा संघ स्वतःला ‘जम्बो श्रिम्प’ म्हणवतो. हरायला हरकत नाही हो, पण कोळंबीकडून?

त्यांचं खरं दुखणं वेगळंच आहे. बुल्स हा टँपा बे रेज या मोठ्या संघाच्या हाताखालचा संघ. पोरगा इथं चांगला खेळू लागला की रेजचा फोन येतो, आणि सकाळी बुल्सच्या यादीतून त्याचं नाव गायब. लेक सासरी धाडणाऱ्या बापासारखी डरहॅमकरांची अवस्था होते: अभिमानानं ऊर भरलेला, आणि रात्रीच्या सामन्याला तिसऱ्या बेसवर कोण उभं राहणार याची चिंता. 2024 मध्ये ज्युनियर कॅमिनेरो त्यांच्या डोळ्यांसमोर डरहॅममध्ये खेळला. पुढच्या वर्षी त्यानं रेजसाठी 45 होमरन मारले. त्यातला प्रत्येक होमरन आपणच मारल्याच्या थाटात डरहॅमकर सांगतात.

उलट दिशेनंही वाहतूक चालते. मोठ्या संघातला जखमी खेळाडू तब्येत जोखायला चार दिवस खाली येतो आणि रिवाजाप्रमाणे पोरांना स्वखर्चानं जेवू घालतो. पूर्वी त्या जेवणाला फार किंमत होती. 2023च्या करारानं ट्रिपल-ए खेळाडूचा किमान वार्षिक पगार 35,800 डॉलर झाला. आधी तो याच्या निम्म्याच्या आसपास होता. पोरांचं पोट भरलं, याचा डरहॅमकरांना आनंदच आहे. तिकीट आणि हॉटडॉगच्या किमतीचा विषय मात्र काढू नये.

प्लेऑफ हा त्यांचा सगळ्यात नाजूक भाग. नियम असा की हंगामाच्या पहिल्या अर्ध्यातला विजेता आणि दुसऱ्या अर्ध्यातला विजेता सप्टेंबरात भिडणार. म्हणजे जूनमध्ये ज्यांनी जागा मिळवून दिली, त्यातले निम्मे शिलेदार तोवर वर गेलेले. त्यात सप्टेंबरात मोठ्या संघांना यादीत दोन जागा वाढवून मिळतात, म्हणजे उरलेल्यांवरही डोळा. 2022 मध्ये बुल्सनी ट्रिपल-एचं राष्ट्रीय अजिंक्यपद पटकावलं. कुठं? लास व्हेगासला. घरच्या खुर्चीचे हंगामभर पैसे भरलेल्या डरहॅमकरांनी तो विजय सोफ्यावरून बघितला. 2023 मध्ये लीगच्या अंतिम लढतीत नॉरफोकनं हरवलं, तो विषय त्यांनी घरात बंद केला आहे.

त्यांचे आदर्श खेळाडू नव्हेत, ते 19 प्रेक्षक आहेत. एप्रिल 1981 मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेटला मायनर लीगचा एक सामना बत्तीस इनिंग संपल्या तरी बरोबरीतच होता. ईस्टरच्या पहाटे चार वाजून सात मिनिटांनी तो थांबवला, तेव्हा कडाक्याच्या थंडीत स्टँडमध्ये 19 जण उरले होते. जूनमध्ये उरलेला खेळ अठरा मिनिटांत आटोपला. उठून गेलेल्या शेकडो लोकांविषयी डरहॅमकर आजही तिरस्कारानं बोलतात.

उन्हाळ्यात मुलाकडे डरहॅमजवळच्या केरी-मॉरिसव्हिलला जाणारे मराठी आई-वडील आता बरेच आहेत. त्यांनी एखाद्या मंगळवारी बॉलपार्कात जावं, पेन्सिलवाल्या गृहस्थांशेजारी बसावं आणि बेसबॉल म्हणजे काय एवढंच विचारावं. फक्त सोमवारी जाऊ नये. सोमवारी लीगला सुट्टी असते, आणि डरहॅमकर बायकोबरोबर वाणसामान आणायला गेलेले असतात.